त्यागाच्या आधी संयम येतो



गेल्या महिन्यात स्वाध्याय संपल्यावर दोघी-तिघी आमच्या घरी आल्या होत्या. ओटा रिकामा, फळीवर मोजके डबे, बाहेरच्या खोलीत एक सतरंजी आणि मुलांच्या पुस्तकांचं एक कपाट. त्यातली एक म्हणाली, "वहिनी, तुमच्या घरी आलं की अपरिग्रह म्हणजे काय ते डोळ्यांना दिसतं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. सासूबाई आत ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण सुपातला त्यांचा हात क्षणभर थांबला. मला तो दिसला.

तो हात का थांबला ते आज सांगते. घर कसं आवरायचं, मुलांना घरी कसं शिकवायचं, सण साधेपणाने कसे करायचे हे तुम्ही मला नेहमी विचारता आणि मीही उत्साहाने सांगते. सांगताना ही एक गोष्ट मात्र दर वेळी गाळत आले.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन्ही मुलांना शाळेतून काढून घरी शिकवायचं ठरलं आणि घरात जागा कमी पडायला लागली. त्या दिवसांत मी घर आवरण्याचे व्हिडिओ खूप बघायचे. त्यातला एक नियम डोक्यात बसला होता : वर्षभर वापरली नाही ती वस्तू घराबाहेर. सासूबाई आठ दिवस माझ्या नणंदेकडे गेल्या होत्या. मी पदर खोचला आणि अकरा पोती भरली. माळ्यावर जुन्या लुगड्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. आत पितळेची तीन पातेली, एक परात, तांब्याची कळशी, पळी, झारा. काळी पडलेली, कल्हई उडालेली. वर्षभरात कुणी हात लावलेला नव्हता. मी ती मोडीत दिली. आलेल्या पैशांत मुलांसाठी गणिताचा लाकडी संच मागवला. रिकाम्या माळ्याचा फोटोही काढून चार जणींना पाठवला.

पुढच्या वर्षी आमच्या गावात मुनी महाराजांचा चातुर्मास झाला. आमच्या गल्लीत चौके लागणार हे कळलं त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "माळ्यावरचं चौक्याचं गाठोडं काढ गं. उद्या कल्हईवाल्याकडे द्यायला हवं."

ती भांडी त्यांच्या सासूबाईंची होती. फक्त चौक्यासाठी ठेवलेली. घरात महाराज किंवा माताजी आहाराला येणार असतील तेव्हाच बाहेर यायची, एरवी धुऊन, पुसून, बांधून वर.

मी खरं ते सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि देवघराकडे गेल्या. आम्ही शेजारच्या काकूंची भांडी मागून आणली. आहार निर्विघ्न झाला. पडगाहनाला सासूबाई हातात कळश घेऊन दारात उभ्या होत्या, तो कळशही काकूंचाच. रात्री अंथरुणं घालताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "तू वस्तू दिल्यास त्याचं काही नाही. मला विचारलं असतंस तर मीच दिल्या असत्या. मग तो माझा त्याग झाला असता."

त्या वाक्यानंतर मी बरेच दिवस कुणालाही घर आवरण्याचे सल्ले दिले नाहीत.

माझं काय चुकलं याचा मी पुष्कळ विचार केला आणि माझं मत बदललं. ते मत असं : कपाट रिकामं करणं हा अपरिग्रहातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात उशिराचा भाग आहे. आपण बायका हल्ली तिथूनच सुरुवात करतो आणि बहुधा तिथेच थांबतो.

दशलक्षण पर्वातले दहा दिवस आठवा. त्याग आठव्या दिवशी येतो. त्याच्या आधी सहाव्या दिवशी संयम आहे, सातव्या दिवशी तप आहे. त्यागानंतर नवव्या दिवशी आकिंचन्य आहे. लहानपणापासून आपण ही दहा नावं ओळीने म्हणतो, पण त्या ओळीकडे मी घरातल्या कामाच्या क्रमासारखं कधी पाहिलं नव्हतं. आधी आणणं थांबवायचं. मग असलेल्यात भागवायची थोडी सवय करायची. मग द्यायचं. आणि दिल्यावर "मी दिलं" हेही सोडायचं. मी एकदम आठव्या दिवसावर उडी मारली, तीही दुसऱ्याच्या वस्तू घेऊन. नववा दिवस तर माझ्या मनातही नव्हता, फोटो कुणाकुणाला पाठवायचा ते मात्र होतं.

आपल्या शास्त्रात बाह्य परिग्रह दहा प्रकारचे सांगितले आहेत. शेत, घर, सोनं-नाणं, धान्य यांच्याबरोबर त्यात कपडे आणि भांडीही आहेत. आतले परिग्रह मात्र चौदा. क्रोध, मान, माया, लोभ हे चारही त्यात येतात. बाहेरचे दहा, आतले चौदा. मी बाहेरचं एक गाठोडं कमी केलं आणि आतला मान वाढवला. शिवाय दुसऱ्याची वस्तू न विचारता दिली, म्हणजे अचौर्यालाही धक्का लावला. घर तेवढं मोकळं दिसलं.

गृहस्थाला सगळं सोडायला सांगितलेलंच नाही. आपल्याला अणुव्रत आहे, परिग्रह परिमाणाचं. आपली मर्यादा आपण ठरवायची आणि ती पाळायची. वस्तू घरात येण्याआधीच हे व्रत कामाला लागतं, हे त्यातलं शहाणपण. बाजारातल्या घर आवरण्याच्या पद्धतीत असं काही नाही. तिथे बाहेर काढायला शिकवतात आणि रिकाम्या जागेत नवीन आणायची मोकळीक देतात. मोडीत गेलेल्या पातेल्यांच्या जागी लाकडी संच आला तसं.

आता घरशाळेचं सांगते. शाळा सोडली म्हणजे आपलं आयुष्य आपोआप साधं होईल अशी माझी समजूत होती. पहिल्या वर्षी झालं उलटंच. फी वाचली आणि त्याहून जास्त पैसे खोक्यांत गेले. पृथ्वीचा गोल, प्रयोगांचे संच, रंगीत तक्ते, सरावाच्या वह्या, मोबाइलवरचे पैसे भरून घ्यायचे अभ्यास. शाळेच्या भीतीपोटी मी घरात दुसरी शाळा विकत आणत होते. निम्मी खोकी उघडलीही गेली नाहीत.

चौक्याच्या प्रसंगानंतर मी मुलांना एक काम दिलं : घर मोजा. लेक तेव्हा दहा वर्षांची, धाकटा सात. आठ दिवस दुसरा अभ्यास नव्हता. त्यांनी वहीत लिहिलं : वाट्या ६३, ताटं २८, प्लास्टिकचे डबे ४४ आणि त्यांतल्या झाकण सापडलेल्या डब्यांची संख्या ३१. पेनं ११२, त्यांतली चालणारी ३९. आईच्या साड्या ५७, गेल्या वर्षभरात नेसलेल्या १६. त्याच आठवड्यात लेक टक्केवारी शिकत होती. तिने हिशेब करून वही माझ्यापुढे धरली, "आई, अठ्ठावीस टक्के." मी वही मिटली, पण आकडा डोक्यातून जाईना.

मग आम्ही एक नियम केला. ज्याने त्याने फक्त आपापल्या वस्तूंचं परिमाण लिहायचं, दुसऱ्याच्या वस्तूंवर बोलायचं नाही. ह्यांनी शर्ट दहा लिहिले. धाकट्याने खेळण्यातल्या गाड्या वीस लिहिल्या. मला पाच पुरे वाटत होत्या, पण मी गप्प बसले. मी साड्या पंचवीस लिहिल्या. सासूबाईंकडे वही गेली तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "माझं कधीच झालंय." त्यांनी पुष्कळ वर्षांपूर्वी एका माताजींकडे बारा साड्यांचा नियम घेतला होता. नवी आली की एक कुणाला तरी द्यायची. मी चौदा वर्षं त्यांच्याबरोबर एका घरात राहतेय आणि मला हे माहीत नव्हतं. कधी बोलल्या नाहीत, कुणाला दाखवलं नाही. त्या बाईला न विचारता मी तिचं घर अपरिग्रही करायला निघाले होते!

मुलांना घरी शिकवण्याबद्दल बऱ्याच जणी विचारतात म्हणून स्पष्ट सांगते. मुलं शाळेत जातात म्हणून कुणाचं घर कमी धार्मिक होत नाही, आणि घरी शिकतात म्हणून आमचं जास्त होत नाही. आई-वडिलांपैकी एकाला बराच वेळ काढता येत असेल, घरच्यांची संमती असेल आणि मुलांना रोज इतर मुलांत खेळायला मिळत असेल, तरच हा विचार करा. पुढे परीक्षांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग आहे, तिथे दहावीच्या प्रवेशासाठी वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. आमची मुलं रविवारी पाठशाळेत आणि रोज संध्याकाळी मैदानावर असतात म्हणून आमचं निभतं. पण एक नक्की, शिकवायला लागणारं बरंचसं सामान घरातच असतं. ज्वारी मोजणं, दुधाचा हिशेब, सूर्यास्ताची वेळ रोज वहीत लिहून दिवस किती लहान-मोठा झाला ते काढणं. रात्रीभोजन त्याग असलेल्या घरात हा शेवटचा अभ्यास किती उपयोगाचा ते तुम्हाला सांगायला नको.

मागच्या थंडीत आम्ही पाचही जण श्रवणबेळगोळला गेलो. नियम तोच : आपली पिशवी आपणच उचलायची. लेकीने निघण्याआधी काट्यावर पिशव्या ठेवल्या. तिची चार किलो, माझी नऊ. मी तीन वेळा पिशवी सोडून बांधली आणि सहावर आणली. दशम्या, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, पाणी गाळायचं फडकं, दोन-दोन कपडे. वाटेत काही विकत घ्यायचं नाही असं ठरलं होतं. धाकट्याने एक लाकडी बैलगाडी घ्यायला लावली, ती त्याच्या विसांत धरली.

विंध्यगिरीच्या सहाशेहून जास्त पायऱ्या अनवाणी चढायच्या. वर सुमारे ५७ फुटांची, एकाच दगडात कोरलेली गोमटेश्वरांची मूर्ती. गंग राजांचे मंत्री चामुंडराय यांनी ती सुमारे ९८१ साली करवली. मूर्तीच्या पायाशी मराठी शिलालेख आहे, आपल्या भाषेतल्या जुन्यात जुन्या लेखांपैकी एक. कर्नाटकात, हजार वर्षांपूर्वीच्या मूर्तीच्या पायाशी, आपली भाषा! लेक ती अक्षरं लावत बराच वेळ उभी राहिली. इतिहास, भूगोल आणि भाषा असे तीन विषय त्या अर्ध्या तासात झाले, आणि वही पिशवीतच होती.

उतरताना तिने आज्जीला विचारलं, "आज्जी, बाहुबलींनी राज्य दिलं, घर दिलं, कपडेसुद्धा सोडले. वर्षभर न हलता उभे राहिले, अंगावर वेली चढल्या. मग लगेच केवलज्ञान का नाही झालं?"

सासूबाई गुडघा धरून पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मनात एक शल्य राहिलं होतं बाळा, की मी उभा आहे ती जमीन भरताची आहे. सगळं दिलं, पण हे याचं नि ते त्याचं एवढं मनात उरलं."

मी दोन पायऱ्या खाली होते. त्या माझ्याकडे बघून बोलल्या नाहीत, पण गाठोड्याची आठवण मला झालीच. सगळं देऊनही काही उरतं. आकिंचन्याचा दिवस त्यागानंतर वेगळा का ठेवलाय ते मला त्या पायऱ्यांवर कळलं.

आता जरा नाजूक विषय. आपल्या समारंभांचा. ते ६३ वाट्यांचं आणि ४४ डब्यांचं कोडं उलगडायला लेकीने प्रत्येक वस्तू कुठून आली ते विचारलं. आम्ही विकत आणलेल्या वस्तू निम्म्याही नव्हत्या. बाकीच्या कुणाच्या तरी उद्यापनातल्या, कुणाच्या विधानातल्या, बारशातल्या, वाढदिवसातल्या. बऱ्याच वस्तूंवर नाव आणि तारीख कोरलेली, म्हणजे दुसऱ्याला द्यायचीही पंचाईत. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत प्रभावना हे आठवं अंग आहे. धर्माचं मोठेपण लोकांच्या मनावर ठसावं असं काही करणं, हा त्याचा अर्थ. आपण त्या शब्दाचा अर्थ स्टीलचा डबा असा करून टाकला आहे. एकमेकींच्या माळ्यावर अडगळ पोचवायची आणि पुन्हा अपरिग्रहावर प्रवचन ऐकायचं, हे मला पटत नाही.

याला तीन उत्तरं मिळतात. पहिलं, "देण्यात पुण्य आहे." आहेच, पण आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान या चारांत डबा कुठे बसतो ते मला सांगा. दुसरं, "आपण घेतलंय, मग द्यायला नको का?" हे उत्तर मला खरं वाटतं, कारण त्यात लाज आहे आणि लाज खोटी नसते. यातून कुणी एकटी सुटू शकत नाही, म्हणून मंडळाने मिळून ठरवावं असं मी म्हणते. तिसरं, "लोक काय म्हणतील?" हे आतल्या चौदांपैकी एक आहे. कोणतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

हे सगळं मी पोटतिडकीने बोलत होते आणि नेमकं गेल्या भाद्रपदात सासूबाईंच्या अनंत व्रताचं उद्यापन आलं. चौदा वर्षं त्यांनी ते व्रत निष्ठेने केलं. त्यांच्या मनात १०८ डबे वाटायचे होते. आता माझी परीक्षा होती. माझी सगळी मतं तोंडाशी आली होती, पण व्रत त्यांचं होतं. मी एवढंच म्हणाले, "आत्याबाई, तुम्ही म्हणाल तसं करू. दुकानात कधी जायचं ते सांगा."

चार दिवस त्या काही बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "त्या पैशात चौक्याची भांडी किती येतील गं?"

आज आमच्या बस्तीत चौक्याच्या भांड्यांचा एक पूर्ण संच आहे. पातेली, पराती, कळश, पाट, चौरंग, पाण्याचे हंडे. ज्या घरी चौका लागेल त्या घराने न्यायचा आणि स्वच्छ करून परत आणून ठेवायचा. भांड्यांवर नाव कोरू दिलं नाही त्यांनी. आमच्या दोन नातेवाईक बायका नाराज झाल्या, "चौदा वर्षांचं व्रत आणि हातात काहीच नाही!" असं म्हणाल्या. ते सासूबाईंना लागलं. त्यांनी त्या दोघींना घरी बोलावून जेवू घातलं आणि एकेक नारळ दिला. सगळ्यांचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही.

तुमच्या घरी काय करायचं ते तुम्हीच ठरवा. आम्ही एवढं करतो. मुलांच्या वाढदिवसाला परतभेट देत नाही, आलेल्या मुलांना पोटभर घरचं खायला देतो. निर्वाण लाडू चढवून आलो की दिवाळीचा फराळ, नवे कपडे एखादाच जोड आणि तो खरंच लागत असेल तर. प्रभावना द्यायचीच असेल तर संपणारी वस्तू : गूळ, खोबरं, सुका मेवा. आणि घरातली कुठलीही वस्तू काढण्याआधी ती ज्याची आहे त्याला विचारायचं, मग तो सात वर्षांचा मुलगा असो की सत्तरीची आजी.

येत्या दशलक्षणात त्यागाच्या दिवसाची वाट बघू नका. संयमाच्या दिवशी एक वही घ्या आणि स्वतःच्या एकाच वस्तूचं परिमाण लिहा. साड्या, चपला, डबे, काहीही. फक्त स्वतःच्या. कुणाला सांगायची गरज नाही.

आणि त्या दिवशी घरी आलेल्या मैत्रिणींनो, तुम्ही जे पाहिलंत ते आवरलेलं घर होतं. अपरिग्रह बघायचा होता तर तो आतल्या खोलीत ज्वारी निवडत बसला होता. हे तेव्हाच सांगायला हवं होतं, माझं तोंड उघडलं नाही. क्षमा असावी.

जय जिनेंद्र.